ज्याने बांधली, त्याने सोडायची

मंगळवारी सकाळी ऑफिसात एक जाड पाकीट फोडताना इशबेलच्या बोटाला कागद लागला. फार नाही, एक बारीक रेघ उमटली, आणि जरा वेळानं तिच्यातून रक्त आलं. शेजारच्या टेबलावरची रोना दुसऱ्याच्या दुखण्यावर टपूनच बसलेली असायची. तिनं ड्रॉवरमधून निळी पट्टी काढली, इशबेलचं बोट आपल्या ताब्यात घेतलं आणि करकचून गुंडाळलं. "घट्टच बरी," ती म्हणाली, "नाहीतर दिवसभर तू ती चाळवत बसशील. तुला मी ओळखते." इशबेल हसली, थँक्यू म्हणाली आणि कामाला लागली. विम्याच्या अर्जांचं काम. छप्पर गळलं, पाइप फुटला, शेजाऱ्याचं झाड भिंतीवर पडलं. खिडकीतून टे नदीचा करडा पट्टा दिसत होता आणि डंडी शहरावर जानेवारीतला तो मळकट उजेड पसरला होता, जो सकाळी येतानाच दमलेला असतो. थोड्या वेळानं बोटात ठणका सुरू झाला. आधी तिनं लक्ष दिलं नाही. मग ठणका वाढला, बोटाच्या टोकाशी जणू वेगळं एक छोटं हृदय उडू लागलं, आणि तिनं हात उचलून पाहिलं तर पट्टीच्या वर राहिलेला शेंडा जांभळट झाला होता. आणि त्या जांभळ्या शेंड्याकडे पाहता पाहता, काही विचार न करता, अंगावर कुणी गार पाणी ओतावं तसं तिला आठवलं, की शनिवारी सकाळी रानात जाण्याआधी बाबांच्या स्पॅनियल कुत्रीच्या, टॅन्सीच्या, शेपटाला तिनं पट्टी बांधली होती, आणि ती सोडली नव्हती.

सोडली नव्हती? तिनं बोटाची पट्टी ओरबाडून काढली आणि स्वतःला समजावायला बसली. असं कसं होईल. दर शनिवारी संध्याकाळी आपण काय करतो? बाबांच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसतो, खिळ्याला लटकवलेली बोथट टोकाची कात्री घेतो, कोमट पाण्यानं शेपूट भिजवतो, चिखल निघतो, पट्टीखाली कात्रीचं टोक सरकवतो, टॅन्सी मान वळवून बघते, आपण "शहाणी गं माझी" म्हणतो. सगळं स्पष्ट दिसत होतं; पाण्यातला चिखल, ओल्या केसांचा वास, वर खुर्चीत बसलेल्या बाबांचे लोकरी मोजे. पण ते कोणत्या शनिवारचं दिसत होतं? आठवण ही मोठी लबाड चीज आहे; मागितलं की देते, पण मागितलेलंच देते असं नाही. हा शनिवार तिनं मुद्दाम बाजूला काढून पाहिला तेव्हा त्यात फरशी नव्हती, कात्री नव्हती. त्यात होती बाबांच्या जागी कामावर आलेल्या स्ट्रूअनची गाडी, इंजिन चालू, पुढचे दिवे पावसात लागलेले, आणि काच खाली करून तो म्हणतोय, "डंडीपर्यंत सोडतो, येतेस का? बसची वाट कशाला बघतेस?" आणि ती धावली होती. धावता धावता कुत्र्याच्या खोपटाच्या जाळीतून बोटं घालून तिनं टॅन्सीचं नाक चोळलं होतं. पाठीमागे शेपूट हललं असेल. ते तिनं पाहिलंच नव्हतं.

आणि ती का धावली होती, तेही तिला ठाऊक होतं, कबूल करायचं नव्हतं एवढंच. त्या दिवशी बाबांनी जुन्या मालकाच्या घोडीची गोष्ट तीनदा सांगितली होती. एकदा सकाळी चहाबरोबर, एकदा रानाच्या कडेला जेवताना, आणि परत येताना पुन्हा पहिल्यापासून, त्याच ठिकाणी हसत, त्याच ठिकाणी थांबून तिच्याकडे बघत. तिसऱ्यांदा ती हसली होती, पण ते हसू जबड्यात अडकून बसलं होतं. संध्याकाळी चौथ्यांदा ऐकावी लागेल या भीतीनं ती गाडीत बसली. बापाच्या एका गोष्टीपासून पळाली, दुसरं काही नाही. शहरात तिची कुणी वाट बघत नव्हतं; घरी जाऊन तिनं टोस्ट भाजून खाल्ला आणि टीव्ही न लावता टीव्हीसमोर बसली.

बाबांनी पाहिलं असेल, तिला वाटलं. रविवारी पाहिलं असेल. पण बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, आणि टॅन्सीची पट्टीही निळी असली तरी रानात पक्षी उठवायच्या हाक्याचा एक दिवस झाल्यावर ती निळी राहत नाही. चिखलाची होते, टॅन्सीच्या तांबूस केसांत मिसळून जाते. शिवाय बाबा बघणार कशाला? त्यांचा नियम होता. ते पूर्वी ज्या जहागिरीत शिकारीचं रान आणि पक्षी राखायच्या कामावर होते तिथल्या सगळ्यांचा तो नियम होता, पण बाबा तो आपणच केल्यासारखा सांगायचे: ज्याने बांधली, त्याने सोडायची. पट्टी दोघांची झाली की कुणाचीच राहत नाही. त्यांच्या तरुणपणी दोन हाकाऱ्यांनी असंच एकमेकांवर टाकलं होतं आणि एका चांगल्या कुत्र्याचं शेपूट गेलं होतं. तेव्हापासूनचा तो नियम. टॅन्सीला कधी बाबा बांधत, कधी ती, आणि ज्याचे हात सकाळी त्याचेच संध्याकाळी. त्यामुळे शनिवारी तिनं बांधली म्हटल्यावर बाबा निर्धास्त होते. आणि कुत्री? कुठलंही दुसरं कुत्रं असतं तर त्यानं रात्रीतून दातांनी ती पट्टी फाडून काढली असती. टॅन्सी फाडणार नव्हती. सुरुवातीला टॅन्सीनं पट्टीला तोंड लावलं की इशबेल मोठ्यानं "सोड!" म्हणायची, नाकावर बोट आपटायची. आठवडेच्या आठवडे खपून तिनं ते शिकवलं होतं. टॅन्सीइतकं ऐकणारं कुत्रं त्या खोऱ्यात नाही असं सगळे म्हणायचे, आणि इशबेलला ते ऐकून बरं वाटायचं.

लगेच फोन करायला हवा होता. तिनं केला नाही. आधी एक अर्ज पुरा केला, मग दुसरा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, रोना सहज "बोट कसं आहे?" म्हणाली तरी तिला दचकायला झालं. फोन केला की ते खरं होणार होतं, आणि न केला तोवर टॅन्सी कुठेतरी मजेत शेपूट हलवत असण्याची शक्यता होती, आणि त्या शक्यतेला धरून ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसून राहिली. एका जिवाचं रक्त अडून राहिलंय हे कळल्यावरसुद्धा माणूस बसून राहू शकतो. तिला स्वतःबद्दल हे नव्यानं समजत होतं, आणि तरी ती बसली होती. शेवटी फोन बाबांचाच आला.

"पोरी, कामात आहेस ना? मग राहू दे, संध्याकाळी बोलू."

"नाही बाबा, बोला ना."

"टॅन्सीचं शेपूट गेलं बघ." ते थांबले. पाठीमागे स्ट्रूअनचा आवाज, दार उघडझाप. "रविवारपासून खाईना. मला वाटलं, मला येतो तसा कंटाळा आला असेल, होईल ठीक. आत्ता स्ट्रूअन आला, त्यानं हात फिरवला. पट्टी तशीच की गं. शनिवारची. शेंडा थंडगार पडलाय. डॉक्टर ओगिल्वींकडे नेतोय आता." मग आवाज खाली आणून, जणू स्ट्रूअनला ऐकू जाऊ नये असं, त्यांनी विचारलं, "मी सकाळपासून आठवतोय. पट्टी कोणी बांधली होती गं? तू का मी?"

मी. एवढंच म्हणायचं होतं. लहान मूलसुद्धा म्हणतं. सकाळपासून तिनं मनाशी दुसरं काहीच म्हटलं नव्हतं, तो शब्द जिभेवर येऊनच बसला होता. आणि तरी तोंडातून निघालं, "तुम्हीच ना, बाबा?"

ती स्वतःच ऐकत राहिली. ते खोटं नव्हतंच म्हणे, प्रश्न होता. पुढे कितीतरी वेळ ती या आडोशाला उभी राहायचा प्रयत्न करणार होती. बाबांचा श्वास ऐकू येत होता, छातीतून थोडा शीळ घातल्यासारखा. खरं तर शनिवारी सकाळी अंगणात अंधारच होता, बाबांनी टॅन्सीला गुडघ्यांत धरलं होतं, पट्टीचा पहिला तुकडाही त्यांनीच फाडून दिला होता. आठवणीला घसरायला तेवढी जागा पुरे. "हो का," ते म्हणाले. मग, "असेल. हो, असेलच." आणि मग फार सावकाश, दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं, "मीच असणार."

तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बस पकडली. कोटाच्या खिशात हात घालून ती खिडकीशी बसली. शेतं, दगडी बांध, बांधांवर ओली मेंढरं, आणि चढावर ठिकठिकाणी गोर्सची काटेरी झुडपं, पिवळ्या फुलांनी लगडलेली. भर हिवाळ्यातही ते झुडूप फुलतं, आणि त्याच्यात शिरणाऱ्या कुत्र्याचं शेपूट सोलून काढतं. स्पॅनियल हा प्राणीच असा, की पक्ष्याचा वास आला की त्याचं डोकं एक काम करतं आणि शेपूट दुसरं. शेपूट जोरजोरात हलत राहतं, काट्यांवर आपटत राहतं आणि त्याला पत्ताच नसतो. म्हणून तर तिथली माणसं पिलांचे डोळे उघडायच्या आतच शेपटाचा शेंडा उतरवून घेतात, आणि पायाच्या आतल्या बाजूला वर राहिलेलं, जमिनीला न टेकणारं ते फुकटचं नखही काढून टाकतात. बाबांच्या वडिलांनी ते स्वतःच्या हातांनी केलं, बाबांनीही केलं. मग कायद्यानं मध्ये काही वर्षं साफ बंद केलं, मग कामाच्या कुत्र्यांपुरतं पुन्हा उघडलं, डॉक्टरच्या हातून, जन्मानंतरच्या थोड्याच दिवसांत. टॅन्सी आणि तिची भावंडं जन्मली तेव्हा ते पुन्हा उघडलेलं होतं. बाबांनी डॉक्टरांशी ठरवलं होतं, टोपलीत जुना स्वेटर घालून ठेवला होता. डोळ्यांपायी बाबांची गाडी बंद झालेली, म्हणून न्यायचं इशबेलनं होतं. त्या काळी तिच्याकडे गाडी होती आणि मतं होती. शहरातले मित्र होते, ते म्हणायचे रानटीपणा आहे हा, आणि तीही म्हणायची. बाबांशी त्यावर भांडली होती, टेबलावर हात आपटून. "तुमचं कुणी बोट तोडलं असतं तर?" "मला बोटांनी रान तुडवायचं नसतं," बाबा म्हणाले होते आणि चहा प्यायले होते. त्या सकाळी तिनं फोन करून सांगितलं, गाडी सुरूच होत नाही. गाडी दाराशी उभी होती, धडधाकट. दुसऱ्या दिवशीही सुरू झाली नाही, तिसऱ्या दिवशीही. मग मुदत टळली आणि पिलांची शेपटं वाचली. त्या खोटेपणाचा तिला इतका अभिमान वाटला होता की तिनं तो मित्रांना सांगितला होता, बियर पिताना, आणि सगळे हसले होते.

दोन पिलं शहरातल्या घरांत गेली, सोफ्यावर लोळायला. टॅन्सी रानात राहिली, कारण तिचं नाकच तसं होतं. बाबा म्हणायचे, असं नाक दहा वर्षांत एकदा येतं. पहिल्याच हंगामात तिचं शेपूट फुटलं. ती घरी आली आणि आनंदानं शेपूट हलवत स्वयंपाकघरभर फिरली, तर भिंतींवर, कपाटावर, वरच्या कौलारू छताच्या पांढऱ्या फळ्यांवर रक्ताचे शिंतोडे. बाबा स्टुलावर चढून ते पुसत होते आणि इशबेल टॅन्सीला धरून रडत होती, आणि कुत्री आपली तिच्या रडण्यानं खूष होऊन आणखी हलवतेय. दुसऱ्या हंगामात हेदरच्या झुडपाच्या गोठलेल्या बुडख्यात ते वरचं नख अडकून मुळापासून उलटं झालं. तो पंजा इशबेलनं दोन्ही तळव्यांत धरला होता. टॅन्सीनं आवाज केला नाही, फक्त तिची मांडी थरथरत राहिली. दोन्ही वेळा बाबा एक अक्षर बोलले नाहीत. मी सांगितलं होतं, एवढं तीन शब्दांचं वाक्य त्यांनी तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर ती भांडली असती आणि मोकळी झाली असती. त्याऐवजी त्यांनी तिला पट्टी बांधायला शिकवलं. तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून: शेंड्याकडून वर यायचं, डावीकडून, केस पट्टीत धरायचे म्हणजे घसरत नाही, टोकाशी दोनदा मुडपायची, आणि आत करंगळी जाईल एवढी सैल. ओली झाली की आवळते, म्हणून सैल. तेव्हापासून हंगामातला एकही शनिवार तिनं चुकवला नव्हता. शहरातले मित्र गेले, गाडी विकली, पण शनिवारी ती रानात असायचीच. लोकांना वाटायचं म्हाताऱ्या बापासाठी येते, गुणाची मुलगी. ती फेडायला येत होती. आणि फेडता फेडताच हे होऊन बसलं. गेली होती शेपूट राखायला आणि तिच्याच हातानं त्याचा गळा आवळला गेला.

दवाखान्यात बाबा भिंतीशी बाकावर बसले होते, टोपी मांडीवर, टोपीवर हात. मुंडावळ्या काढलेल्या नवऱ्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा, कुठे बघावं न कळणारा. स्ट्रूअन शेजारी उभा. आता शिकार राखायचं काम तोच बघायचा. बाबांच्या हाताखाली तयार झालेला, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. टॅन्सी आत होती. डॉक्टर ओगिल्वी बाहेर आले, हात पुसत. "वरपर्यंत काढावं लागणार," ते म्हणाले. "मेलेलं कुठं संपतं आणि जिवंत कुठं सुरू होतं ते पाहून त्याच्याही वर. पिलाचं काढणं वेगळं, हाडच तयार झालेलं नसतं. ही मोठी आहे. दुखेल तिला." मग त्यांनी विचारायचं म्हणून विचारलं, "पट्टी कुणाच्या हातची?"

"माझ्या," बाबा म्हणाले. पटकन, शाळेत हात वर करावा तसे.

डॉक्टरांनी स्टीलच्या ट्रेमधली कापलेली पट्टी दाखवली. बाबांनी ती डोळ्यांजवळ नेली, बोटांनी चाचपली. "टोकाला दोनदा मुडपलेली," ते म्हणाले. "माझीच." डॉक्टर त्यांच्या शेजारी बसले. आवाज मऊ केला. लोक म्हाताऱ्यांसाठी करतात तसा. "अ‍ॅलिक, आणखी काही विसरायला होतं का अलीकडे? गॅस राहून जाणं, तेच तेच सांगणं?" बाबांनी टोपी फिरवली. "सांगतो वाटतं तेच तेच. पोरगी काही बोलत नाही, पण तिच्या तोंडावरून कळतं." ती तिथेच उभी होती, हाताच्या अंतरावर. तिच्या तोंडावरून कळत होतं तर मग आत्ता का कळत नाही, असं तिला वाटलं, आणि तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण स्ट्रूअन तिच्याकडे बघत होता, डॉक्टर बघत होते, आणि दोघांच्या नजरेत तिच्याबद्दल कणव होती, बिचारी, एकटीच निभावतेय. ती कणव तिनं हात पुढे करून झटकून टाकली नाही. ती उबदार होती. तिनं फक्त बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या हाताची तिला आयुष्यात कुठल्याच गोष्टीची आली नसेल एवढी शिसारी आली.

दिवस मावळता मावळता सगळे परतले. टॅन्सी गाडीत मागे घोंगडीवर, गुंगीत, पाठीमागे पांढऱ्या बँडेजचा एक आखूड गोळा. घराशी गाडी थांबली. इशबेल मागचं दार उघडायला उतरली तसे बाबा पुढच्या सीटवरूनच म्हणाले, "आत आणू नकोस तिला."

"का? थंडी आहे बाबा."

"स्ट्रूअन, तुझ्याकडेच ने रे. तुझ्या घरी ऊब आहे, बायको आहे, माणसं आहेत. माझ्या हातात आता जीव देऊ नये कुणी."

"अ‍ॅलिक, असं एकदम कशाला ठरवता?" स्ट्रूअन म्हणाला. "राहू दे आठ दिवस माझ्याकडे. बरी झाली की बघू."

"बघायचं काय त्यात. मला दिसत नाही ते सोड. हात होते तोवर चालत होतं. हातच विसरायला लागले." ते खाली उतरले, गाडीच्या मागे गेले, अंदाजानं हात आत घातला आणि कुत्रीच्या कपाळावर ठेवला. गुंगीतही टॅन्सीनं ओळखलं. बँडेजचा गोळा थोडा हलला आणि तिच्या घशातून कण्हल्यासारखा आवाज आला, हलवल्यानं दुखलं. बाबांनी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. "जा," ते म्हणाले. गाडी उतारावरून गेली, आणि इशबेल फाटकाशी उभी राहिली, आता बोल, आता बोल, अजून गाडी वळणावर आहे, असं म्हणत, गाडी वळणाआड जाईपर्यंत.

स्वयंपाकघरात तिनं सूप गरम केलं. बाबा खुर्चीत बसून होते. एरवी ते लाकडं सारायचे, सुरी हातात घेऊन ब्रेड कापायचे. आज हात मांडीवर ठेवून बसले होते, जणू दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिलीय. सूप त्यांच्यापुढे ठेवताना ती म्हणाली, आणि एकदा म्हणायला लागल्यावर थांबली नाही. "बाबा, मी बांधली होती. शनिवारी पट्टी मी बांधली. तुम्ही नुसतं धरलं होतं टॅन्सीला. मी सोडायला विसरले. तुमच्या त्या घोडीच्या गोष्टीला कंटाळून पळाले मी. फोनवर तुमच्यावर ढकललं. खोटं बोलले. तुम्ही काही विसरला नाहीत."

बाबांनी चमचा खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काही उजळेल म्हणून ती बघत होती. जे उजळलं ते भलतंच होतं. ते हसले, मायेनं, फार थकलेलं. "तुझी आईसुद्धा अशीच होती," ते म्हणाले. "माझा रेडिओ मी फोडला तरी म्हणायची, माझाच धक्का लागला."

"बाबा, मी खरं सांगतेय!"

"बरं. मग सांग, कशी बांधलीस?"

"शेंड्याकडून वर. डावीकडून. केस आत धरून. टोकाला दोनदा मुडपून."

"हं," ते म्हणाले. "मी बांधतो तशी."

"तुम्हीच शिकवलीत मला! माझ्या बोटांवर बोटं ठेवून शिकवलीत!"

"आणि तू असतीस तर मी फोनवर विचारलं तेव्हाच म्हणाली असतीस. तू लपवणारी नाहीस. टेबलावर हात आपटून भांडणारी आहेस तू."

तिनं त्यांचे दोन्ही हात धरले. काय सांगितलं म्हणजे पटेल ते तिला सुचेना, म्हणून तिनं होतं नव्हतं ते सगळंच बाहेर काढलं. "लपवणारीच आहे मी. पिलांच्या वेळी गाडी बंद नव्हती बाबा. चांगली चालत होती. मला शेपटं कापायची नव्हती म्हणून मी खोटं सांगितलं. तुम्ही टोपली घेऊन बसला होतात तीन दिवस. टॅन्सीचं जे जे झालं ते सगळं माझ्यामुळं झालं, पहिल्यापासून."

बाबा तिच्याकडे, म्हणजे तिचा आवाज येत होता तिकडे, बघत राहिले. क्षणभर तिला वाटलं, पोचलं. मग त्यांनी एक हात सोडवून तिच्या डोक्यावर ठेवला. "आता गाडीपण स्वतःच्या अंगावर घेतेस का?" ते हळूच म्हणाले. "किती घेशील पोरी. पुरे. म्हातारा विसरला तर विसरला. त्यात लाज कसली."

"उद्या स्ट्रूअनला सांगते मी. डॉक्टरांनाही सांगते."

"सांग. तेही हो म्हणतील तुला. चांगली माणसं आहेत." त्यांनी चमचा उचलला. "तेवढं मात्र कर, जाशील तेव्हा डॉक्टरांना विचार, ते डोकं तपासतात ते कुठं तपासतात. कुत्रीचं झालं, उद्या घर पेटवीन मी."

तिला ओरडावंसं वाटलं, टेबलावर हात आपटावासा वाटला, पण आपटून काय पटणार होतं. तिच्या रागालाही आता तो म्हातारा माया समजणार होता. खरं बोलायला एक वेळ असते. ती टळली की खरंसुद्धा नुसतं समजूत घालणं होऊन बसतं, आणि समजूत घालायचा तर तिला जन्मभराचा सराव. डोळे काही इतके वाईट नाहीत बाबा, गोष्ट मी कधी ऐकली नव्हती बाबा, सूप छान झालंय बाबा. तिनं भांडी घासली. बाहेर वारा सुटला होता आणि रिकाम्या खोपटाची जाळी वाजत होती. बाबा उठले, दाराशी गेले, खालची कडी लावली, वरची लावली, आणि येऊन बसले. तिनं पाहिलं.

"इशबेल," थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "दार लावलं का गं मी?"

"लावलंत बाबा. दोन्ही कड्या. आत्ताच. मी पाहिलं."

"तू काय," ते म्हणाले, "हो म्हणणारच." आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले, भिंत धरत दारापर्यंत गेले आणि दोन्ही कड्या चाचपून पाहू लागले.